शिकागोच्या थंडीत परसबाग: कधी काय लावायचं

इथे एप्रिलमधे दोन दिवस ऊन पडलं की हात शिवशिवतात, पण थांबा, टोमॅटो-मिरची १५ मेच्या आधी बाहेर लावायची नाही, मी एकदा घाई केली आणि एका रात्रीच्या फ्रॉस्टने सगळी रोपं काळी पडून लोळागोळा झाली. टोमॅटोच्या बिया मार्चअखेर घरातच पेरा, दह्याचे रिकामे डबे चालतात (बुडाला भोकं पाडा), मिरची त्याआधी तीन-चार आठवडे, कारण ती उगवायलाच रुसते. बाहेर नेताना आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन-वारं दाखवायचं. मेथी, पालक, मटार मात्र एप्रिलमधेच टाका बिनधास्त. कोथिंबीर जुलैच्या उकाड्यात लगेच फुलावर येते, ऑगस्टअखेर परत पेरायची. लसूण ऑक्टोबरमधे, पाकळीचं टोक वर, दोन इंच खोल आणि वर वाळक्या पानांचा जाड थर, तो बर्फाखाली मस्त झोपतो, जुलैत काढायचा.

आता आपला लाडका कढीपत्ता. रात्रीचं तापमान १० डिग्री सेल्सियसच्या खाली जायच्या आत कुंडी घरात, खिडकीपाशी, पाणी कमी. पानं गळली तरी फेकू नका हां, खोड नखाने जरा खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे.