घर बघायला जाताय? मग या चुका टाळा

विकत घ्यायचं घर बघायला गेलं की बहुतेक जण आत शिरल्या शिरल्या सोफा कुठे बसेल, पडदे कोणते लावायचे यातच रमतात आणि भिंती बघायच्या राहूनच जातात. अहो रंग, टाइल्स, किचनचा ओटा हे सगळं नंतर बदलता येतं. ओल, उजेड आणि कागदपत्रं यांचं तसं नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती ओल. बाकी घर जुनाट आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की सरळ विचारा, इथेच का रंग मारला? बाथरूमच्या मागची भिंत, खिडकीखालचा भाग, वरचा मजला असेल तर छताचे कोपरे, कपाटाच्या आतली मागची बाजू, सगळं हात लावून बघा, आणि भिंतीला चिकटवलेलं फर्निचर जरा सरकवू का म्हणून विचारायला लाजू नका. भिंतीवर पांढरी पावडर असेल तर "जुना रंग आहे हो" असं सांगतील, पण ते क्षार असतात, पाण्याबरोबर विटा-प्लास्टरमधून बाहेर येतात आणि पाणी सुकलं की मागे राहतात. म्हणजे पाणी कुठून तरी येतंय किंवा येत होतं. रूम फ्रेशनरचा वास जरा जास्तच असेल तर मला तरी शंका येते. जमलं तर चांगला पाऊस होऊन गेल्यावर परत एक चक्कर मारा.

केसासारखे बारीक तडे प्लास्टर सुकतानाच पडतात, त्यांना घाबरू नका. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एका टोकाला रुंद होत गेलेला तडा मात्र वेगळा, त्यात दारं पण अडकत असतील तर पाया खचत असू शकतो. असं काही दिसलं की स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नळ नुसता उघडून बंद करू नका. शॉवर चालू ठेवा, किचनचा नळ सोडा, त्याच वेळी फ्लश करा, मग खरं प्रेशर कळतं. वायरिंग किती जुनं आहे ते विचारा आणि बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा, कारण एमसीबी (नेहमीचा ट्रिप होणारा स्विच) ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो, शॉक लागताना माणसाला वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकदाच जायचं आणि ते पण समोरचा म्हणेल त्या वेळी. रात्री जा, कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी जा, आवाज आणि पार्किंग तेव्हाच कळतं. पश्चिमेच्या खिडक्या असतील तर दुपारनंतर जाऊन ऊन बघा. बेडरूममधून एक फोन लावून बघा, रेंज आहे का.

क्षेत्रफळ स्वतः टेप लावून मोजा, बिल्टअपच्या आकड्यात भिंतींची जाडी पण धरलेली असते.

आणि प्रश्न विचारा. का विकताय हे सगळेच विचारतात आणि उत्तर पाठच असतं, त्यापेक्षा आधी कुणाचा सौदा मोडला का, आणि कशामुळे, हे विचारा. घरावर कर्ज आहे का, मेंटेनन्स किंवा टॅक्स थकलाय का, सगळे मालक सह्या करायला तयार आहेत का, गॅलरी आत घेतली असेल तर परवानगी होती का. पंखे, गीझर, कपाटं यातलं काय ठेवून जाणार ते लिहून घ्या.

"दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन द्या" असं कुणी म्हणालं तर खुशाल त्या पार्टीला देऊ द्या, वकिलाने मालकीचे कागद बघेपर्यंत खिशातून काही काढू नका.