मिड-इंजिन स्पोर्ट्सकार निवडताय? गोव्यात राहणाऱ्यांनी या चुका टाळा

दोन गाड्यांपैकी कुठली घेऊ, असं विचारायला येणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये तक्ता तयार असतो. हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर, कमाल वेग, किंमत. ही गाडी आपल्या फाटकातून आत शिरते का, पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या रस्त्यांवर ती कशी चालते, शेवटचे टायर कधी बदलले, यांचा रकाना त्या तक्त्यात नसतो. कोट्यवधी रुपये मोजणारा माणूस एवढ्या घाईने निर्णय घेतो हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. गाड्या चांगल्या असतात, तुलना चुकीची असते.

तुलना नेमकी कशाची, हेच ठरलेलं नसतं

मिड-इंजिन म्हणजे इंजिन सीटच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे. पोर्शे ९११ त्यात बसत नाही. तिचं इंजिन मागच्या आसाच्याही (ॲक्सलच्याही) मागे असतं. ९११ आणि पोर्शेचीच मिड-इंजिन ७१८ केमन यांतली एक निवडायची असेल तर जरूर निवडा, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे हे धरून.

एकाच नावाखाली दोन गाड्या लपलेल्या असतात, हेही ध्यानात घ्या. साध्या ७१८ केमनमध्ये २ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि ३०० हॉर्सपॉवर. केमन जीटीएस ४.० मध्ये ४ लिटरचं सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन आणि ४००. लोटस एमिरा टोयोटाच्या ३.५ लिटर सुपरचार्ज्ड व्ही६ इंजिनासह येते, तशीच मर्सिडीज-एएमजीच्या २ लिटर टर्बोसहही. हाताने गिअर टाकायची हौस असेल तर एमिरात व्ही६च घ्यावी लागते, एएमजी इंजिनाला फक्त ऑटोमॅटिक मिळतो. त्यामुळे 'केमन की एमिरा' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. आधी इंजिन सांगा, मग बोलू.

शिवाय यातल्या बऱ्याच गाड्या आता नव्या मिळत नाहीत. ऑडी आर८ २०२४ मध्ये थांबली, लॅम्बोर्गिनी हुराकानची जागा टेमेरारिओने घेतली, पेट्रोलवरच्या ७१८चं उत्पादन २०२५ मध्ये संपलं. म्हणजे तुलना बहुतेक वेळा दोन वापरलेल्या गाड्यांची असते. पुढची चूक तिथेच होते.

टायर न पाहता गाडीला नावं ठेवणं

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, म्हणून सविस्तर लिहितो.

मडगावच्या एका तरुण व्यावसायिकाने दोन वापरलेल्या गाड्या निवडल्या होत्या. पहिली त्याने कोरड्या रस्त्यावर चालवली. दुसरी मिळाली तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती आणि चोर्ला घाट ओला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, "भाई, दुसरी बेभरवशाची आहे. वळणात पाय काढला की शेपूट मारते. मी पहिलीला टोकन देऊन टाकलं."

मी म्हटलं, टोकन दिलंस ते दिलंस, पण परत करण्याआधी ती दुसरी गाडी साखळी गावी माझ्याकडे आण. आणली. मागच्या टायरवरचा चार आकड्यांचा कोड वाचला तर १४१६. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे, म्हणजे ते टायर २०१६च्या चौदाव्या आठवड्यातले. गाडी फार चाललेली नसल्यामुळे खाचा खोल दिसत होत्या, पण रबर इतकं कडक झालं होतं की नखाचा वळ उठत नव्हता. पुढचे दोन मात्र नवे कोरे. मागचे रुंद टायर महाग पडतात, म्हणून विकणाऱ्याने फक्त पुढचे बदलले होते. वर चारही टायरमध्ये पंपावर सारखीच हवा भरलेली. अशा गाड्यांना पुढे-मागे वेगवेगळी हवा लागते आणि ती किती, हे गाडीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

आता वळणात काय होतं ते बघा. या गाड्यांचं जास्त वजन मागे असतं. हुराकानचं वजन पुढे ४३ टक्के आणि मागे ५७ टक्के असं विभागलेलं आहे. वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यात इंजिन मधोमध असल्यामुळे गाडी पटकन वळते, आणि सुटली तर तितक्याच पटकन गरगरते. सावरायला वेळ कमी मिळतो. पुढे नवं रबर, मागे दगड झालेलं रबर आणि खाली ओला घाट असेल तर कुठल्याही कंपनीची गाडी शेपूट मारेल. त्या मुलाने दोन गाड्यांची तुलना केलीच नव्हती. कोरडा रस्ता आणि ओला रस्ता, ताजं रबर आणि जुनं रबर, एवढीच तुलना झाली होती.

ती दुसरी गाडी पुढे फोंड्याच्या एका गृहस्थांनी घेतली आणि माझ्या सांगण्यावरून चारही टायर बदलले. मग भर पावसात त्याच घाटात आम्ही ती नेली. वळणावळणाला शांत, सांगाल तशी वळणारी गाडी. मडगावच्या मुलाने घेतलेली पहिली चांगलीच आहे, पण तिचं सस्पेन्शन एवढं कडक की घरचे तिच्यात बसत नाहीत. त्याला हवी होती ती गाडी त्याने स्वतःच्या हाताने नाकारली होती.

म्हणून गाडीसमोर पोचलो की मी आधी खाली बसतो. टॉर्च घेऊन चारही टायरचे कोड वाचतो. बाजूवरची खूणही पाहतो. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन आणि आकडा असतो, फेरारीसाठी के, लॅम्बोर्गिनीसाठी एल, मॅक्लारेनसाठी एमसी. पाचसहा वर्षांहून जुने टायर असतील तर त्या गाडीच्या चालीबद्दल मी मत देत नाही. हवा स्वतःच्या मापकाने, टायर थंड असताना तपासतो. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच माणसाने चालवायच्या. जमत नसेल तर तुलना पुढच्या आठवड्यावर ढकलायची. घाटात सर्कस करायची गरज नाही. चाळीस-पन्नासच्या वेगात स्टिअरिंग, ब्रेक आणि सीट सगळं सांगतात.

व्हिडिओतले लॅप टाइम पाठ करून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ७१८ केमन जीटी४ आरएसने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची २०.८ किलोमीटरची फेरी ७ मिनिटं ९.३ सेकंदांत पूर्ण केली, ती मिशेलिनच्या कप २ आर टायरवर. ते टायर कोरड्या ट्रॅकसाठी बनवलेले आहेत. जुलैत मोलेच्या रस्त्यावर पाणी साचलेलं असताना तो आकडा तुमच्या काहीही कामाचा नाही.

नाक उचललं म्हणजे पोट वाचलं, हा समज

गोव्यातल्या जुन्या घरांचं फाटक आणि रस्ता यांची पातळी जुळत नाही. डांबराचे थर चढत चढत रस्ता वर आला, अंगण खाली राहिलं. बार्देशातल्या एका हॉटेलवाल्याने दोन गाड्यांतून जास्त हॉर्सपॉवरची निवडली. 'फ्रंट लिफ्ट आहे, चिंता नाही,' असं त्याला विक्रेत्याने सांगितलं होतं. घरी पहिल्याच दिवशी नाक अलगद आत गेलं आणि मधला भाग उंचवट्यावर टेकला. शेवटी फाटकाजवळचे चिरे काढून उतार नव्याने बांधावा लागला.

साधी लिफ्ट फक्त पुढचा भाग उचलते, तीही कमी वेगात. गतिरोधकावर पोट घासेल की नाही हे जमिनीपासूनच्या उंचीइतकंच दोन आसांतल्या अंतरावरही ठरतं. ७१८मध्ये ते २,४७५ मिलिमीटर आहे, एमिरात २,५७५, फेरारी २९६ जीटीबीत २,६००, मासेराती एमसी२० मध्ये २,७००. उंची सारखी असली तरी लांब गाडी मधोमध आधी टेकते.

माझी पद्धत साधी आहे. गाडीच्या दोन आसांतल्या अंतराएवढी दोरी घ्या. घराजवळच्या सर्वांत वाईट उंचवट्यावर दोन माणसांनी ती ताणून धरायची, जमिनीपासून गाडीच्या पोटाएवढ्या उंचीवर. दोरी मध्ये टेकली तर गाडीही टेकणार. पोटाची उंची मात्र टाकी भरलेली आणि दोन माणसं बसलेली असताना मोजा, माहितीपत्रकावर विसंबू नका. दहा मिनिटांचं काम आहे, तरी कुणी करत नाही.

फेरीबोटीने जायची सवय असेल तर रायबंदर-चोडणच्या धक्क्यावर एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला जाऊन उभे राहा. फळी आणि धक्का यांचा कोन दोन्ही वेळी सारखा नसतो. रुंदीही मोजा. आरसे सोडून ७१८ सुमारे १.८ मीटर, एमसी२० आणि २९६ जवळजवळ दोन मीटर. हळदोण्याच्या गल्लीत समोरून बस आली की हा फरक कळतो.

बाकीच्या, थोडक्यात

रेडिएटर: यातल्या बऱ्याच गाड्यांत ते पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. तिथे पाला आणि लाल धूळ साचते. बंपर काढून साफ केल्याची नोंद मागा.

खारा वारा: गाडी किनाऱ्याजवळ उभी राहत असेल तर ती गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालचे बोल्ट, उष्णतारोधक पत्रे आणि एसीचा कंडेन्सर पाहिल्याशिवाय भाव बोलू नका. वरून चमकणाऱ्या रंगावर भुलणारे पुष्कळ भेटतात.

पेट्रोल: आपल्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. या गाड्या ९५ किंवा ९८ ऑक्टेनचं पेट्रोल मागतात. टाकीच्या झाकणाच्या आत इथेनॉलची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा आणि आपल्या रोजच्या पंपावर काय मिळतं ते विचारा.

पावसाळा: चार महिने गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर (ती उतरू न देणारा छोटा चार्जर) लावायची सोय शेडमध्ये हवी. हायब्रिड असलेल्या मॅक्लारेन आर्टुरा आणि फेरारी २९६ साठी तर हवीच. उंदीर वायरी कुरतडतात, त्यामुळे शेड बंद होणारी हवी.

कर: एक्स-शोरूम किमतींची तुलना म्हणजे अर्धी तुलना. परराज्यातल्या नंबराची गाडी घेऊन कर वाचवतो म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी गोव्यात ठेवायची तर कायद्याने नोंदणी इथे करावी लागते. इथल्या कराची रक्कम आधीच तक्त्यात लिहा.

सर्व्हिस: लॅम्बोर्गिनीची शोरूम मुंबई, दिल्ली आणि बंगळुरूत. मॅक्लारेनने भारतात पहिली शोरूम २०२२ मध्ये उघडली, तीही मुंबईत. पणजीहून मुंबई किंवा बंगळुरू, कुठेही गेलात तरी साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. दोन्ही गाड्यांसाठी फ्लॅटबेडचं (गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकचं) जाऊन-येऊन भाडं विचारून घ्या, ते कोण भरणार हे लेखी घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना ओढून चढवायचा हुक पेटीत आहे का ते पाहा. वापरलेल्या गाड्यांत तो बरेचदा नसतो, आणि त्याशिवाय चालक गाडी वर चढवायला तयार होत नाही.