नवा होमस्टे, रिकामं कॅलेंडर: पहिल्या दहा बुकिंगआधी या चुका टाळा

खोल्या तयार आहेत, एअरबीएनबीवर लिस्टिंग टाकलंय, गूगल मॅपवर नाव आलंय आणि फोन मात्र वाजत नाही. अशा वेळी मालवण-तारकर्ली पट्ट्यातले नवे मालक आधी भाडं पाडतात. पण शेजारी सगळे दोन हजार घेत असताना तुम्ही बाराशे लावलेत, तर बघणाऱ्याला वेगळीच शंका येते: इथे गडबड काय आहे?

म्हणून भाड्याला हात लावण्याआधी घोडं कुठे अडलंय ते बघा. लोक लिस्टिंग बघतात पण विचारत नाहीत, तर फोटो तपासा. विचारतात पण पैसे भरत नाहीत, तर तुमची उत्तरं तपासा. राहून जातात आणि चार तारे देतात, तर तुम्ही सांगितलेलं आणि त्यांना मिळालेलं जुळत नाही.

खोली ताणून दाखवणं

मोबाइलच्या ०.५ लेन्सने दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसते. पाहुणा दार उघडतो, बॅग टेकवायला जागा शोधतो आणि एक तारा तिथेच जातो. १एक्सवर, मोबाइल आडवा धरून, छातीच्या उंचीवरून, कोपऱ्यात उभं राहून फोटो काढा. पडदे उघडे, वेळ सकाळी नऊच्या आसपास. पहिल्या पाच फोटोंत खोली, बाथरूम, अंगण आणि गाडी लावायची जागा हवीच. आजी-आजोबांना घेऊन येणारं कुटुंब सूर्यास्त नंतर बघतं. आधी कमोड आहे की भारतीय बैठक, ते बघतं. बाथरूमचा फोटोच नसेल तर ते घाण असणार, असं लोक धरूनच चालतात.

‘बीच टच’

‘समुद्राला लागूनच’ असा दावा करणाऱ्या या दोन शब्दांइतकी भांडणं दुसऱ्या कशाने होत नसतील. ‘समुद्र चालत आठ मिनिटं, घरातून दिसत नाही, रात्री गाज ऐकू येते’ असं लिहा. ज्याला हे चालतं तोच येईल आणि तक्रार करणार नाही.

गूगलची पिन बरेचदा वाडीऐवजी मुख्य रस्त्यावर पडलेली असते. ती स्वतःच्या गेटवर आणा आणि घर न पाहिलेल्या एखाद्याला अंधार पडल्यावर त्या पिनवरून यायला सांगा. देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर चुकीच्या वळणात शिरलेली इनोव्हा मागे घेताना माणसाचा जो मूड जातो, तो सोलकढीने परत येत नाही.

पावसाळ्याचंही आधीच सांगा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स त्या दिवसांत बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजी सुरमई मिळेलच असं कबूल करू नका. थाळीचा दर ‘बाजारभावाप्रमाणे’ असा मोघम ठेवलात तर बिलाच्या वेळी वाद ठरलेला. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मासा आणि दर कळवून होकार घ्या.

ॲडव्हान्स मागण्याची पद्धत

सगळ्यात जास्त बुकिंग इथे गळतात. बनावट होमस्टे दाखवून ॲडव्हान्स लाटल्याचे प्रकार लोकांनी ऐकलेले असतात. त्यात तुमचा एकही रिव्ह्यू नाही, होमस्टेचं नाव एक आणि यूपीआयवर दिसतं भाच्याचं नाव, वर ‘पूर्ण पैसे आत्ताच टाका, नाहीतर खोली जाईल’ अशी घाई. फसवणारेही नेमकं असंच बोलतात. पाहुणा फोन ठेवतो आणि पुन्हा उचलत नाही.

थेट बुकिंगला २५ ते ३० टक्क्यांवर मागू नका. समोरच्याने मागण्याआधी तुम्हीच म्हणा, ‘दोन मिनिटं व्हिडिओ कॉल करा, गेटपासून खोलीपर्यंत दाखवतो.’ मग हे पाठवा:

‘तारीख १२ ते १४, २ रात्री, मोठे ४, लहान १. एकूण ८,००० रुपये, आता २,४००, उरलेले आल्यावर. ७ दिवस आधी रद्द केल्यास ॲडव्हान्स पूर्ण परत. यूपीआयवर माझ्या पत्नीचं नाव दिसेल, खातं तिच्या नावावर आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पैसे आल्यावर तासाभरात पोच द्या.

उलटी फसवणूकही चालते. लष्करात आहे म्हणणारा माणूस एकदम दहा खोल्या मागतो, भाव करत नाही आणि पैसे ‘मिळण्यासाठी’ क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही.

चेक-इन दुपारी एकचं, पाहुणा सकाळी नऊला दारात

रात्री मुंबईहून सुटलेली कोकणकन्या सकाळी कुडाळला येते आणि तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. आदल्या पाहुण्यांच्या चादरी अजून दोरीवरही गेलेल्या नसतात. म्हणून बुकिंग घेतानाच विचारा, ‘कोणत्या गाडीने येताय?’ खोली देता येणार नसेल तर पडवीत बॅगा ठेवायला जागा, बाहेरचं बाथरूम आणि चहा-घावणे एवढी तयारी ठेवा. लवकर खोली देण्याचे जादा पैसे घेणार असाल तर तेही तेव्हाच सांगा.

प्रत्येक बेडमागे चादरींचे तीन जोड लागतात: एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात तिसराही ओलाच सापडतो, तेव्हा चौथा घ्या. बादलीभर गरम पाण्याला ३ लिटरचा इन्स्टंट गीझर पुरत नाही, १५ लिटरचा बसवा. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर दोन पंखे, चार एलईडी आणि राउटर पाचेक तास निघतात; एसी नाही. ‘पॉवर बॅकअप आहे’ लिहिताना हेही लिहा.

पहिल्याच पाहुण्यांत बारा जणांचा ग्रुप

एअरबीएनबीवर तीन रिव्ह्यू झाल्यावर सरासरी दिसू लागते. पहिले तीन ५, ५ आणि ३ आले तर सरासरी ४.३३. तिथून सुपरहोस्टला (एअरबीएनबी चांगल्या यजमानांना देतं तो बिल्ला) लागणाऱ्या ४.८ पर्यंत यायला सलग सात वेळा पाचच तारे हवेत. म्हणून सुरुवात दिवाळीच्या गर्दीत करू नका. मधल्या वारांना छोटी कुटुंबं घ्या. नव्या लिस्टिंगला पहिल्या तीन बुकिंगवर २० टक्के सूट लावण्याची सोय तिथे आहे, ती इथे वापरण्यासारखी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या वेळी विचारा: पाणी गरम आलं का, डास होते का? तेव्हा कळलेली तक्रार मिटवता येते, घरी पोचून लिहिलेली नाही. आपल्याकडे चार तारे म्हणजे कौतुकच, त्यामुळे निघताना मोकळेपणाने सांगा, ‘सगळं ठीक वाटलं असेल तर पाच द्या, चारने आम्ही मागे पडतो.’ रिव्ह्यूची मुदत १४ दिवस असते. तिसऱ्या दिवशी एकदा आठवण करा, पुन्हा नको. चुलतभावांकडून रिव्ह्यू लिहून घेऊ नका, पकडले गेले तर काढले जातात.

वहीतलं बुकिंग

फोनवरचं बुकिंग वहीत आणि ऑनलाइन कॅलेंडर मोकळं, यातून एकाच खोलीला दोन पाहुणे येतात. दोन साइटची कॅलेंडरं जोडली तरी ती लगेच जुळत नाहीत, काही तास जाऊ शकतात. फोन ठेवण्याआधी तारीख हाताने बंद करा.

राज्य पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लिस्टिंगमध्ये टाका. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघा, आधार असेल तर मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) चालेल. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरावा लागतो. त्याचं लॉगिन आधीच काढून ठेवा, पाहुणा अंगणात उभा असताना नको.