सीपीयू खाणारा जावा थ्रेड दोन मिनिटांत शोधा

लिनक्स सर्व्हरवर जावा प्रोसेस १००% सीपीयू खातेय, पण नेमका कोणता थ्रेड (प्रोसेसमध्ये स्वतंत्रपणे चालणारं एक काम) ते कळत नाही? रीस्टार्ट करायची घाई नको, पुरावाच जातो.

१. 'टॉप -एच -पी' आणि पुढे प्रोसेसचा पीआयडी (ओळख क्रमांक) द्या. आता प्रत्येक थ्रेड वेगळा दिसेल. सगळ्यात वरच्या थ्रेडचा पीआयडी रकान्यातला आकडा टिपून घ्या, समजा १८७३४.

२. 'प्रिंटएफ'ने तो हेक्समध्ये (सोळा अंकांच्या मोजणीत) बदला: ४९२ई.

३. जावासोबत येणाऱ्या 'जेस्टॅक' कमांडने थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची नोंद) फाइलमध्ये घ्या आणि त्यात 'एनआयडी' म्हणजे थ्रेडच्या क्रमांकापुढे हाच आकडा शोधा. जावा ८, ११, १७ मध्ये तो हेक्समध्ये असतो. २१ मध्ये दशमानातच येतो, म्हणजे दुसरी पायरी गाळा.

त्या ओळीखाली क्लास आणि लाइन नंबरसकट स्टॅक (एकातून एक बोलावलेल्या मेथडची यादी) मिळतो. पण एका डंपवर विश्वास ठेवू नका. पाच-पाच सेकंदांनी तीन घ्या. तिन्हींत थ्रेड त्याच मेथडमध्ये घुटमळत असेल तर लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) बहुधा तिथेच आहे. थ्रेडचं नाव 'जीसी थ्रेड' (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) असं निघालं तर लूप शोधत बसू नका, बहुधा हीप (जावाची मेमरी) भरत आलाय. 'जेस्टॅट -जीसीयूटिल' लावून मेमरी किती भरलीय ते बघा.

सीपीयू शांत आणि तरी प्रोग्रॅम अडकलेला असेल, तर डंपच्या शेवटी बघा. 'सिंक्रोनाइझ्ड' कुलपांमुळे डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकणं) झाला असेल तर जेस्टॅक स्वतःच तसं छापतो.

एक जपा: जेस्टॅक त्याच युजरने चालवा ज्याच्या नावावर प्रोसेस आहे, नाहीतर बहुधा तो जोडला जात नाही. शिवाय जावा ८ मधला जेस्टॅकचा '-एफ' पर्याय चालू सर्व्हरवर वापरू नका.