चिक चॉकलेटच्या आठवणींची बैठक कशी भरवावी

बैठक ठरली की लोक आधी हॉल शोधायला धावतात. हॉल मिळतो हो कुठेही. आधी गाणी ठरवा. आमच्या दादरच्या रेकॉर्डवेड्यांच्या कंपूत हे काम माझ्या गळ्यात असतं, म्हणून सांगतो.

चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे, वाद्य ट्रंपेट, बाज जॅझचा. १९६७ साली गेला. त्याच्याबरोबर वाजवलेले आज हाताला लागणं कठीण. त्यामुळे मुलं-नातवंडं, शिष्यांचे शिष्य आणि आपल्यासारखे कानसेन एवढ्यांवरच भागवायचं आहे.

सुरुवात ‘अलबेला’ने करा. १९५१चा सिनेमा, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. ‘शोला जो भडके’ लागलं की सगळ्यांचे पाय भगवानदादांसारखे हलणार. हलू द्या. मग तेच गाणं पुन्हा लावा, पडदा बंद ठेवून, आणि सांगा की आता फक्त फुंकवाद्यांकडे कान द्या. इतकी वर्षं गुणगुणलेल्या गाण्यात मागे काय काय चाललंय ते अनेकांना तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतं. याच सिनेमात चिक आपल्या ताफ्यासकट, झालरीच्या शर्टात पडद्यावरही दिसतो. तो तुकडा शेवटी दाखवा. आधी दाखवलात तर चर्चा शर्टांवरच संपते.

त्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेतला नामी जॅझ ट्रंपेटवाला. हे वाक्य प्रत्येक वक्ता म्हणणारच. ते एकदाच म्हणू द्यायचं असेल तर आर्मस्ट्राँगचं १९२८चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ वाजवा. सुरुवातीला बाकी सगळे गप्प आणि एकटं ट्रंपेट. हे कानात असताना चिक ऐकला की उपमा कुठे बसते, कुठे नाही, ते श्रोते आपणच ठरवतात. त्यानंतर तलतचं ‘आ तेरी तसवीर बना लूँ’ लावा आणि संगीतकार कोण ते विचारा. निम्मा हॉल अनिल विश्वास म्हणतो. हे गाणं ‘नादान’ सिनेमातलं आणि त्याचं संगीत चिकचं होतं, हे लगेच सांगू नका, थोडं तंगवा.

कुणी ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी घेऊन आलं तर ती एलपीच्या, म्हणजे नंतरच्या लांब तबकड्यांच्या, सुईवर चढवू नका. जुनी खोबण रुंद असते, बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर काढते. ७८साठी वेगळी सुई लागते. आणि धूळ पुसायला स्पिरिट तर अजिबात नको! तबकडीत लाख असते, ती स्पिरिटमध्ये विरघळते. कोरडा मऊ ब्रश पुरे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात तरी चहाचे कप वाजवू नका म्हणावं.

आता बोलणारे. ‘ते माणूस म्हणून कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतं: फार मोठे, फार साधे. त्याऐवजी विचारा, ‘अंकल, तुमच्या घरी ट्रंपेटचा सराव कुठे चालायचा? शेजारी भांडायचे का?’ ‘नोटेशन कागदावर कोण लिहायचं?’ गोव्याच्या बहुतेक वादकांचं पहिलं शिक्षण चर्चच्या शाळेत, सोल्फाच्या, म्हणजे डो-रे-मीच्या धड्यांवर झालेलं. तिथे हात घातला की म्हातारी माणसं खुलतात, आणि कोकणीत शिरतात. शिरू द्या. मालवणीचा कान असलेला एकजण शेजारी बसवला की काम होतं. नामवंताला शेवटी ठेवा. आधी बेसवाला, ड्रमवाला बोलू दे, बँडमधल्या भानगडी त्यांनाच ठाऊक असतात.

चुकीच्या आठवणी येणारच. एकदा एका काकांनी ताजच्या टॉवरमध्ये चिकला ऐकल्याचं छातीठोक सांगितलं. टॉवर झाला १९७३ला. मी एवढंच म्हटलं, ‘काका, त्याच जागी आधी ग्रीन्स हॉटेल होतं, तिथे तर नव्हे?’ काका लगेच म्हणाले, ‘हां, हां, ग्रीन्स!’ चिकचा ताफा ग्रीन्समध्ये खरंच वाजवायचा. चारचौघांत खोडून काढलं असतं तर त्यांनी पुढे तोंडच उघडलं नसतं.

तारीख धरताना रविवारची चर्चमधल्या मिसाची, म्हणजे प्रार्थनेची वेळ बघा आणि २ नोव्हेंबर टाळा, त्या दिवशी कॅथलिक घरं कबरस्तानात असतात. वाजवायला येणाऱ्या पोरांना ‘श्रद्धांजली आहे, मानधन कसलं’ असं ऐकवू नका. चिकही हॉटेलांत आणि स्टुडिओंत पोटासाठीच वाजवत होता. पाकीट आधी, फोटो नंतर.

रेकॉर्डिंग विचारूनच करा. मोबाइल बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर, टेबलावर नव्हे, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलावरची प्रत्येक टिचकी हातोड्यासारखी येते. सुरुवातीलाच बोलणाऱ्याकडून नाव, वाद्य आणि तारीख म्हणवून घ्या. घरी आलात की त्याच रात्री दोन प्रती काढा, एक कुटुंबाला द्यायची. पेनड्राइव्हच द्या. सीडी दिलीत तर ती लावायला यंत्र कुठून आणणार ते?