आयताच्या परिमितीचे उदाहरण आलेखावर कसे सोडवावे

उदाहरण असे: परसबागेभोवती आयताकृती कुंपण घालायचे आहे. जाळी जास्तीत जास्त ४८ मीटर. लांबी रुंदीच्या किमान दुप्पट हवी आणि रुंदी ३ मीटरपेक्षा कमी नको. कोणती मापे चालतील?

१. लांबी क्ष, रुंदी य माना. परिमिती २क्ष + २य, म्हणून २क्ष + २य ≤ ४८. दोनने भागून क्ष + य ≤ २४. इथेच सर्वाधिक चूक होते: घाईत क्ष + य ≤ ४८ लिहिले जाते आणि जाळी दुप्पट धरली जाते. उरलेल्या अटी: क्ष ≥ २य, य ≥ ३.

२. आलेख कागदावर १ सेमी = २ मीटर प्रमाण घ्या. मापे ऋण नसतात, त्यामुळे पहिले चरण पुरते.

३. रेषा काढा. क्ष + य = २४ साठी (२४, ०) आणि (०, २४) जोडा. क्ष = २य साठी (०, ०) आणि (२०, १०). य = ३ ही आडवी रेषा. चिन्हांत 'बरोबर' आहे म्हणून रेषा सलग. नुसते < किंवा > असते तर तुटक.

४. प्रत्येक रेषेची योग्य बाजू एक बिंदू ठेवून ठरवा. पहिल्या असमानतेत (०, ०) घातल्यास ० ≤ २४ खरे ठरते, म्हणजे आरंभबिंदूची बाजू. क्ष = २य मात्र आरंभबिंदूतूनच जाते, तिथे तो काहीच सांगत नाही; (१०, ०) घ्या. १० ≥ ० खरे, म्हणून रेषेखालची बाजू. ही असमानता य साठी सोडवताना ऋण संख्येने भागलेत तर चिन्ह उलटवा, नाहीतर नेमकी चुकीची बाजू रंगते.

५. तिन्ही छटा जिथे एकत्र येतात तो त्रिकोण म्हणजे उत्तर, कडांसकट. शिरोबिंदू (६, ३), (२१, ३), (१६, ८).

पडताळा घ्याच. (१०, ४): परिमिती २८, तिन्ही अटी पूर्ण. (१५, ८): जाळी ४६ मीटर, पुरते; पण १५ हे १६ पेक्षा कमी, म्हणून बाद.

सर्वात मोठी बाग १६ × ८, म्हणजे १२८ चौ. मीटर. पण क्षेत्रफळ शिरोबिंदूवरच कमाल होते असा नियम करू नका, कारण क्षेत्रफळ रेषीय नाही. दुपटीची अट काढली तर कमाल (१२, १२) वर येते, आणि तो बिंदू रेषेच्या मधोमध आहे.