जुन्या रोल-प्लेइंग खेळांचे नियम जपताना या चुका टाळा

सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफाचे गोल पत्ते हाताने रंगवले जातात. दशावतारी गंजिफातील दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने पाहून लोक हरखतात आणि हौसेने विकतही घेतात. मात्र त्या पानांनी डाव कसा मांडायचा हे सांगू शकणारी माणसे फार थोडी उरली आहेत. पत्ते टिकले म्हणून खेळ टिकतोच असे नाही. टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि गोष्ट रचत खेळल्या जाणाऱ्या जुन्या रोल-प्लेइंग खेळांची अडचण याच्या उलट आहे. त्यांचे नियम छापील स्वरूपात आहेत, परंतु ते पुन्हा छापण्याची, सुधारण्याची किंवा मराठीत आणण्याची परवानगी प्रत्येक वेळी हाताशी असतेच असे नाही. रत्नागिरीतील आमचा लहानसा गट गेली काही वर्षे अशा नियमांचे मराठीकरण करीत आहे. त्या कामात आमच्याकडून घडलेल्या आणि इतरांच्या कामात वारंवार दिसलेल्या चुका येथे मांडत आहे.

सर्वांत मोठा गैरसमज असा की, पुस्तक जुने झाले, बाजारात मिळेनासे झाले, म्हणजे ते सर्वांचे झाले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्या काळातील अमेरिकी प्रकाशनांना प्रसिद्धीपासून ९५ वर्षे कॉपीराइटचे संरक्षण आहे, त्यामुळे ती पहिली पुस्तिका २०६९ संपेपर्यंत मालकीचीच राहणार. भारतात लेखकाच्या निधनानंतर साधारणतः ६० वर्षे हक्क टिकतो आणि भाषांतराचा अधिकारही त्याच हक्काचा भाग असतो. म्हणून मूळ पुस्तिका समोर ठेवून तिचे ओळीला ओळ मराठी भाषांतर करणे आणि ते वाटणे हे जतन नव्हे. ते परवानगीशिवाय केलेले पुनर्प्रकाशन आहे.

याच्या दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच सर्रास आढळते. काही जण भीतीपोटी नियमांना हातच लावत नाहीत. वस्तुतः कॉपीराइट शब्दरचनेला आणि चित्रांना असतो, खेळण्याच्या पद्धतीला नसतो. कल्पनेवर कॉपीराइट नसून तिच्या अभिव्यक्तीवर असतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. वीस बाजूंचा फासा टाकून येणारा आकडा चिलखताच्या आकड्याशी ताडून पाहणे ही पद्धत झाली. ती आपल्या शब्दांत लिहिता येते. २००६ मधील ‘ऑसरिक’, २००७ मधील ‘लॅबिरिंथ लॉर्ड’ आणि २००८ मधील ‘स्वॉर्ड्स अँड विझर्ड्री’ हे नियमसंच याच भेदावर उभे राहिले. त्यांना २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओपन गेम लायसन्स’चा, म्हणजे ठरावीक अटींवर नियमांचा मजकूर वापरू देणाऱ्या परवान्याचा, आधार मिळाला आणि जुन्या खेळण्याची रीत नव्या मजकुरातून पुन्हा उपलब्ध झाली. मराठीत काम करणाऱ्याने मूळ पुस्तिकेऐवजी अशा मुक्त नियमसंचापासून सुरुवात करावी, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

मात्र मुक्त परवाना म्हणजे बिनशर्त परवाना नव्हे. ओपन गेम लायसन्सची १.०ए ही आवृत्ती वापरताना परवान्याचा संपूर्ण मजकूर प्रत्येक प्रतीत द्यावा लागतो. त्यातील पंधराव्या कलमात, ज्यांच्या ज्यांच्या कामातून मजकूर घेतला त्या सर्वांच्या कॉपीराइट सूचना जशाच्या तशा उतरवाव्या लागतात. आपल्या पुस्तिकेतील कोणता भाग मुक्त आहे आणि कोणता राखीव आहे, हेही स्पष्ट सांगावे लागते. आमच्या पहिल्या पुस्तिकेत दोन पाने वाचवण्यासाठी आम्ही परवानाच गाळला होता. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली नाही, तर हा परवाना आपोआप संपुष्टात येतो. म्हणून आम्ही शिल्लक प्रतींना ती पाने शिवून जोडली आणि वाटलेल्या प्रतींसाठी पुरवणी पाठवली. आणखी एक गोष्ट सहज निसटते. ‘अमुक प्रसिद्ध खेळाशी सुसंगत’ असे मुखपृष्ठावर छापण्याची मुभा हा परवाना देत नाही. दुसऱ्याचा ट्रेडमार्क तसा वापरायचा असेल, तर वेगळी परवानगी घ्यावी लागते.

एखाद्या कंपनीने लिहिलेल्या परवान्यावर सगळी भिस्त ठेवणे किती नाजूक असते, हे जानेवारी २०२३ मध्ये साऱ्यांनी पाहिले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची आजची मालक असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ओपन गेम लायसन्स बदलण्याचा तयार केलेला मसुदा बाहेर आला, जगभरातील खेळाडूंनी तीव्र विरोध केला आणि २७ जानेवारीला कंपनीने जुना परवाना कायम ठेवून आपल्या खेळाच्या मूळ नियमांचा ५.१ क्रमांकाचा दस्तऐवज, श्रेय देऊन कोणालाही वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेयनिर्देश ४.०’ या परवान्याखालीही खुला केला. अटी पाळणाऱ्याकडून हा परवाना काढून घेता येत नाही. ‘बेसिक फँटसी’ या मुक्त नियमसंचानेही त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचा मार्ग धरला. ओपन गेम लायसन्स आणि क्रिएटिव्ह कॉमन्स या दोन परवान्यांखालील मजकूर मात्र एकाच परिच्छेदात मिसळू नये. ‘समान वाटप’ (पुढील रूपही त्याच अटींवर खुले ठेवण्याची) अट असलेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा मजकूर ओपन गेम लायसन्सखाली पुढे देता येत नाही.

आपल्या पुस्तिकेसाठी परवाना निवडताना बहुतेक नवखे लोक ‘अव्यावसायिक’ आणि ‘बदल नको’ या अटी सावधगिरी म्हणून घालतात. मला ही सावधगिरी घातक वाटते. ‘बदल नको’ म्हटले की मालवणीत रूपांतर करू इच्छिणाऱ्या कुडाळच्या शिक्षिकेचा मार्ग बंद होतो. ‘अव्यावसायिक’ म्हटले की छपाईचा खर्च भरून काढण्यासाठी शाळेच्या स्नेहसंमेलनात वीस रुपयांना पुस्तिका विकणाराही बिचकतो. श्रेय द्यावे आणि पुढील रूपही याच अटींवर खुले ठेवावे, एवढी ‘समान वाटप’ अट पुरेशी आहे.

परवाना देणारा हक्कदार असला पाहिजे, ही साधी बाब गटाच्या कामात विसरली जाते. एकाने नियम लिहिले, दुसरीने राक्षसांची चित्रे काढली, तिसऱ्याने खाडीकाठच्या पडक्या गढीचा नकाशा आखला, तर तिघांचीही संमती लागते. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० प्रमाणे ती लेखी हवी. काम सुरू असतानाच एका पानावर ती घ्यावी. पुढे कोणी नोकरीसाठी मुंबईला जातो, कोणाचा दूरध्वनी बदलतो आणि संपूर्ण पुस्तिका एका चित्रासाठी अडून राहते. वेताळ, देवचार, राखणदार ही नावे लोकपरंपरेची आहेत, ती कोणी राखीव म्हणून घोषित करू नयेत. आपण लिहिलेले त्यांचे वर्णन मात्र आपले असते.

फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला आहे, असे समजावे. रूपांतरकातून तो युनिकोडमध्ये आणता येतो. परंतु रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्य’ हमखास बिघडतात, म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे. तक्त्यांतील आकडे तर दोघांनी मिळून तपासावेत, कारण एका चुकीच्या आकड्याने खेळाचा तोल जातो. केवळ पीडीएफ जपणेही पुरेसे नाही. तिच्यातून उचललेला देवनागरी मजकूर पुष्कळदा तुटक येतो. त्यामुळे संपादन करता येईल अशी मूळ फाइल आणि साधी मजकूर फाइल सोबत ठेवावी.

कागदांच्या बाबतीत कोकणातील हवा निर्दय आहे. पावसाळ्यात स्टेपलच्या पिना गंजतात, कपाटात बुरशी धरते आणि कसर लागते. पिना काढून सुती दोऱ्याने शिवावे. लॅमिनेशन करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. स्कॅन किमान ३०० डीपीआयचे आणि टिफसारख्या, तपशील न गाळणाऱ्या स्वरूपात असावे. सर्व प्रती एका घरात ठेवू नयेत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरील कागद आणि संगणक एकाच वेळी बुडाले. आमची एक प्रत आता रत्नागिरीत, एक घाटावर आणि एक इंटरनेट आर्काइव्हवर आहे. दर दिवाळीत गटाबाहेरच्या एखाद्या व्यक्तीला तिच्या संगणकावर ती फाइल उघडून, नियमांप्रमाणे खेळातील एक पात्र तयार करून पाहायला आम्ही सांगतो, आणि ती जेथे अडते ते पान त्याच आठवड्यात दुरुस्त करतो.